नऊ फुंकरी

पेल्यावर चमचा वाजला. ठण्ण. परसूला हाक मारायला दम पुरत नसे. पाणी हवं असलं की तो चमचा वाजवी. शालिनीनं लॅपटॉप बाजूला ठेवला, नवऱ्याला टेकवून बसवलं, दोन घोट पाजले आणि पुन्हा यादी उघडली.

यादी परसू जिथं लोखंड ओतायच्या कामाला होता, त्याच फाउंड्रीची. गोकुळ रोडवरच्या त्या शेडमधल्या धुळीनं कामगारांची छाती बिघडते का, हे सप्तापूरचे संशोधक श्रीहर्ष सर तपासत होते. बिघडते असं निघालं, तर मालकाला धूळ ओढणारे पंखे बसवावे लागणार होते, आजाऱ्यांच्या औषधपाण्याचंही बघावं लागणार होतं. एकसष्ट जणांनी श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत तीन-तीनदा फुंकलं. त्यानंतर पंधरा दिवसांत परसू अंथरुणाला लागला, आणि शालिनीनं सरांचे आकडे भरायचं काम धरलं.

आज निरोप आला होता : तीन फुंकरी नीट न जमलेले नऊ जण काढून टाका.

तिनं फोन लावला. "सर, ह्यांना खोकल्यानं फुंकता आलं नाही. तेच तर जास्ती आजारी."

"अक्का, अर्धवट फुंकरीचा आकडा खोटा असतो. धरला तर अहवाल कोण मानणार?"

"मग खोकला आला, एवढं तरी लिहा की."

"त्याला रकाना नाही हो. बावन्न जण पुरेत. नऊंनी काही फरक पडत नाही."

सर माणूस वाईट नव्हते. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. तिला राग आला तो त्याचाच.

"सोड की," परसू थांबत थांबत म्हणाला. "माझी फुंकर... तुला तरी कधी पटली? चूल विझवलास... म्हणायचीस."

ती हसली, आणि हसता हसता तिनं ओठ चावला. आपण नाही काढलं तर दुसरं कुणीतरी काढणार. एकेक ओळ ती पुसत गेली. सदतिसावी, परसूची, शेवटी ठेवली होती. तीही गेली. खालची नावं वर सरकली, मध्ये साधं भोकसुद्धा उरलं नाही. सरासरी आपोआप सुधारली. फाउंड्रीची छाती ठणठणीत निघाली.

शाळेतून आलेली आरुषी दप्तरासकट तिच्या खांद्यावर रेलली आणि अक्षरं लावत नावं वाचू लागली. चाचणीच्या दिवशी ती डबा द्यायला आईबरोबर गेली होती. यादी संपली तशी ती पुन्हा वरून बघू लागली.

"आई, अप्पांचं नाव कुठाय? ते तर सगळ्यांपेक्षा जोर लावून फुंकत होते, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग त्यांचं का नाही धरलं?"