संध्याकाळचा प्रश्न

मित्रांनो, माझ्या काचेला तडा गेलाय आणि बॅटरीचं पोट फुगलंय, तेव्हा जरा हळू उचला. मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या मालकाचं नाव तरुण. तो शहाद्याला होस्टेलवर राहून कॉलेजात शिकायचा. त्याचे वडील छगनलाल यांचं अक्कलकुव्यात कापडाचं दुकान. घर जैन, तिथे कांदासुद्धा शिजत नाही. आणि हा पोरगा मित्रांबरोबर दारू प्यायला लागला होता. घरी कळलं तर शिक्षण बंद होईल, या धास्तीने तो घरी जायचंच टाळायचा.

कॉलेजच्या अल्पना मॅडम मुलांच्या पिण्याचा अभ्यास करत होत्या. त्यांनी माझ्यात एक ॲप टाकलं. रोज संध्याकाळी मी वाजायचो आणि विचारायचो, "काल दारू घेतली का? किती?" नाव कुणालाच दिसत नसे. तरी बहुतेक मुलं डोळे झाकून 'नाही' दाबत.

"दाब ना 'नाही', भो! कोण देखी ऱ्हायनं?" खोलीतला मयंक म्हणाला.

"मी देखी ऱ्हायनू ना," म्हणत तरुणने 'हो' दाबलं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला! दर आठवड्याला मी त्याला त्याचाच आलेख दाखवायचो. चढती रेघ बघून त्याचा चेहरा उतरायचा.

भाद्रपदात संवत्सरी आली. त्या दिवशी जैन माणसं उपास करतात, एकमेकांची क्षमा मागतात. मयंकही जैन; त्याने क्षमेचा एकच तयार मेसेज सगळ्यांना पाठवून हात झटकले. तरुणला मात्र वडिलांचा फोन आला. उपासाने त्यांचा आवाज खोल गेला होता.

"मिच्छामि दुक्कडम्, बेटा. मन्हं काही चुकनं व्हई ते माफ कर."

वडिलांनीच आधी क्षमा मागितली, तसा तरुण रडू लागला. "बाऊजी, चुकनं ते मन्हं. मी दारू पी ऱ्हायनू."

आता बाऊजी काय म्हणतात? माझाच जीव टांगणीला लागला.

"सकायनी पहिली एस्टी धर," छगनलाल म्हणाले. "तू उना म्हंजे आपण संगेच पारणं करसूत."

दुसऱ्या दिवशी एस्टी उशिरा पोहोचली. ऊन चढलं होतं, तरी छगनलाल उपास न सोडता ओट्यावर बसून होते. त्यांनी मुगाच्या पाण्याची वाटी आधी मुलाच्या हातात दिली, मग स्वतः घेतली.

दारू एका दिवसात सुटली नाही, पण रेघ उतरत गेली. आता नवा फोन आलाय आणि मी कपाटात पडून असतो. त्याची तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो: तुमच्या घरात कोणी असं काही खरं सांगायला धजलं, तर आधी त्याला जेवायला वाढा. रागवायला अख्खा दिवस पडलाय.