रोज मरणारी नवरी

"आमच्या हॉलात रोज एक नवरी मरता गो, मृणाल. मरता, उठता, चाय पिता आणि परत मरता. एक दिवस खरीच मरतली. कोणाक तरी सांग."

मालनताई हे पहिल्यांदा म्हणाली ती एप्रिलमधल्या एका रविवारी, ती राहायची त्या निवासाच्या ओट्यावर. मी तिच्या केसांना तेल लावत होते. "हो, सांगते हां," म्हणाले आणि वेणी घालायला घेतली. माझ्या लेकीने, मीराने, काजळ पुसून टाकलं होतं, माझं लक्ष तिकडे.

मालनताई माझी मोठी नणंद. माझं लग्न झालं तोवर ती दोनदा मनोरुग्णालयात राहून आली होती. गोळ्या वेळेवर असल्या की माणूस शांत. कुळथाची पिठी करावी तर तिनेच. पण मीरा झाली आणि मला धास्तीच बसली. ताई पाळण्याजवळ उभी राहून एकटक बघायची. केलं काहीच नाही तिने. मीच विळी माळ्यावर टाकली, रॉकेलचा डबा शेजारणीकडे नेऊन ठेवला.

"काय केलंन गं तिने?" सहदेव, म्हणजे माझा नवरा, विचारायचा.

"करेपर्यंत थांबू?"

घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्या, त्यात तान्हं मूल.

निवासाची माहिती आमच्या महिला मंडळातच कळली आणि ताईला आम्ही तिथे ठेवलं. रुग्णालयातून सुटलेल्या आणि घरी जागा नसलेल्या बायकांसाठी आरे कॉलनीच्या कडेला एक जुना बंगला भाड्याने घेतलेला. आठ बायका, दोन मदतनीस. चालवणारे मार्तंडसर, खादीचा सदरा, हळू बोलणं. बायका उटणं, मेणबत्त्या करत, आम्ही ते विकून निवासाला मदत करायचो. मी तर पुढेच असायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आम्ही त्यांच्या मेणबत्त्या वाटल्या, तेव्हा छोटंसं भाषणही केलं होतं. 'या बायकांना दया नको, घर हवं.' टाळ्या पडल्या होत्या.

भेटायला फक्त महिन्याचा पहिला रविवार. "मध्येच कुणी आलं की बायकांची दिनचर्या बिघडते," सर म्हणायचे. रविवारी हॉलमध्ये आठ खाटा, आठ धुतलेल्या चादरी, भिंतीवर त्यांनी काढलेली चित्रं. मला बरं वाटायचं. अगदी खरं सांगायचं तर महिन्यातून एकच रविवार ठरलेला, याचंही बरं वाटायचं.

मे महिन्यात ताईने नवरीचं पुन्हा सांगितलं. लाल शालू, पोटात सुरा, जिन्यावरून गडगडत खाली. मी सरांना बाजूला घेतलं. "सर, तिचे भास वाढलेत का?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "वाटतंय तसं. डॉक्टरांशी बोलतो."

गोळी वाढली. जुलैत सरांनी सांगितलं की ताईने एका माणसाच्या हाताला चावा घेतला, रक्त निघालं. मीराला मी छातीशी धरलं आणि आणखी डोस वाढवायच्या कागदावर घरच्यांची म्हणून सही केली. सहदेव कारखान्यात होता. त्याला नंतर सांगितलं.

पुढच्या दोन-तीन रविवारी ताईचे हात कापत होते. बशीतला चहा पदरावर सांडायचा. नवरीचं नाव नाही. मी सहदेवला म्हणाले, "बघ, फरक पडला ना?"

दिवाळीच्या आधी मंडळातलं उटणं संपलं. आणखी साठ पुड्या हव्या होत्या. निवासाचा फोन दोन दिवस लागेना, म्हणून बुधवारी दुपारी मीराला कडेवर घेऊन मी मरोळपर्यंत बस आणि पुढे रिक्षा करून गेले. तपासायला गेले असं लिहायला आवडलं असतं. पण मी पुड्या आणायला गेले होते.

फाटकात जनरेटरची गाडी. अंगणभर जाड वायरी. आणि ओट्यावर, जिथे मी ताईची वेणी घालते तिथे, लाल शालूतली एक मुलगी उलट्या खोक्यावर बसून काचेच्या ग्लासातून चहा पीत होती. तिच्या पोटावर हे एवढं रक्त. एक बाई तिला पुठ्ठ्याने वारा घालत होती.

"चला मॅडम, परत घेऊ," आतून कुणीतरी ओरडलं. मुलीने ग्लास खाली ठेवला, बांगड्या सारख्या केल्या, आत गेली. दारातून हॉल दिसत होता. एकही खाट नव्हती. चित्रं नव्हती. झुंबर होतं. जिन्यावर एका माणसाने तिच्या पोटात सुरा घातला, ती किंचाळली आणि गडगडत खाली आली.

मीरा रडायला लागली.

"ओ बाई, बच्चीला बाहेर न्या ना! शॉटची वाट लागली!" एक पोऱ्यासारखा दिसणारा, पण पिकल्या मिशांचा माणूस धावत आला.

"इथल्या बायका कुठे आहेत?"

"त्या होय? मागे. आता काय आवाज नसतो हां त्यांचा. भुताची सिरीयल, नवरी दर एपिसोडला मरते, पण सहा महिन्यांत एकदाच लफडं झालं. एक म्हातारी नवरीला वाचवायला धावली, व्हिलनच्या हाताला चावली. आम्ही सगळे हसून हसून मेलो."

म्हातारी. ताई तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती.

मागे जुना गोठा होता. पत्र्याचा. ऑक्टोबरच्या उन्हात त्याच्या जवळ उभं राहवत नव्हतं. दाराबाहेर रुक्मिणी, तिथली मदतनीस, उटण्याच्या पुड्या बांधत बसली होती. माझ्या तोंडाकडे बघून ती उठली आणि मी काही न बोलता तिने कडी काढली.

आत सतरंजीवर आठ जणी ओळीने पडलेल्या. झोपलेल्या नव्हत्या, जाग्याही नव्हत्या. एका बादलीत पाणी. ताई भिंतीकडे तोंड करून होती. मी तिच्या खांद्याला हात लावला तर तिने आधी दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

मार्तंडसर धावत आले. सदरा घामाने भिजलेला. "तुम्ही कळवून यायला हवं होतं."

"कडी कशाला, सर?"

"तुमचं उटणं दिवाळीपुरतं. मेणबत्त्या संक्रांतीपुरत्या. घरमालक बाराही महिने दारात उभा असतो. शूटिंग नसतं तर या आठ जणी कधीच फुटपाथवर आल्या असत्या. संध्याकाळी पाचला खाटा परत लावतो आम्ही."

"ती खरं बोलत होती. तुम्हाला माहीत होतं."

ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही मला 'खरं आहे का' असं कुठे विचारलंत? तुम्ही विचारलंत, भास वाढलेत का."

मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हात उचलला नाही. सहीचा कागद त्यांच्याकडे होता आणि सही माझी होती.

मी ताईला उठवलं. रुक्मिणीने दुसऱ्या बाजूने धरलं. फाटकापर्यंत यायला आम्हाला वीस मिनिटं लागली. ओट्यावर नवरी पुन्हा चहा पीत होती. तिने ताईला पाहिलं आणि बिचारी उभीच राहिली.

रिक्षात ताई मधे, मीरा माझ्या मांडीवर. मीराने हात पुढे केला आणि ताईचं कापणारं बोट मुठीत धरलं. मी ते सोडवलं नाही. बऱ्याच वेळाने ताई माझ्या कानाशी आली.

"बघलंस तू? नवरी?"

"बघितली ताई. आपण सांगू या सगळ्यांना."

"नको गो." तिने माझं मनगट घट्ट धरलं. "कोणाक सांगू नको. तुझीपण गोळी वाढवतले."

ताई आता आमच्याकडे आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी डोस कमी केला, पण हात अजून कापतात. विळी माळ्यावरून खाली आली आहे. मंडळाच्या बैठकीत मी सगळं सांगितलं तेव्हा एक बाई म्हणाली, "अगंबाई, कुठली सिरीयल?" बाकीच्या सात जणींपैकी तिघींना घरच्यांनी नेलं. चौघी अजून तिथेच आहेत, त्यांच्यासाठी आम्ही जागा शोधतोय. रुक्मिणीने गोठ्याला आता कडी घालू दिलेली नाही, एवढंच.

तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल, बहीण, दीर, शाळेतली जुनी मैत्रीण, तर ठरलेल्या दिवशी जाऊ नका. बुधवारी जा, दुपारी, न कळवता. आणि ते माणूस काही विचित्र सांगत असेल, तर डॉक्टरांना सांगण्याआधी ते दाखवेल तिकडे एकदा बघून या.