दारातला दुसरा पाहुणा

"तोकतोबे झोपला होता, दुसरं काय!" पूर-इशारा केंद्राचे प्रमुख मारलेनसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, आणि बुरुलायच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोंगरातल्या तळ्याच्या चौकीवरचा तोकतोबे समोरच मान खाली घालून उभा होता. परवाच्या पुरात त्याचा सख्खा भाऊ वाहून गेला, आणि हा माणूस त्यालाच बोल लावतो! जनाची नाही, मनाची तरी?

"एजे, मी कळवलं होतं," तोकतोबे तिला थोरल्या बहिणीसारखी हाक मारत म्हणाला. "आईशप्पथ."

"मग गेलं कुठे ते? तळ्यात?" साहेब हसले.

इशाऱ्याचा प्रोग्राम बुरुलायनेच लिहिला होता. चौकीवरून संदेश आला की संगणकाची युनिक्स प्रणाली प्रोग्रामला सिग्नल देते, हातातलं टाकून वाचायला लावते. पण दोन संदेश एकदम आले तर सिग्नल एकच पोचतो. म्हणून तिने रांगेत एकही संदेश उरत नाही तोवर वाचत राहायची सोय केली होती. साहेबांनी ती उडवली. एक सिग्नल, एक संदेश, उगाच पसारा नको म्हणाले.

"आगाय, कुत्रं एकदा भुंकलं म्हणून दारात पाहुणा एकच असतो का?" तिने साहेबांना वडीलधाऱ्यासारखी हाक मारून तेव्हाच विचारलं होतं. "बाहेर जाऊन बघायला नको?"

"तू चहा टाक," असं उत्तर मिळालं होतं.

आता तिला वेगळाच संशय आला: तोकतोबेचा संदेश खालच्या चौकीच्या संदेशाबरोबरच आला असेल, तर तो अजून रांगेत न वाचलेला पडला असेल. पुराने वरच्या आणि खालच्या, दोन्ही चौक्यांच्या तारा तोडल्या, तेव्हापासून एकही संदेश आला नव्हता. प्रोग्राम मात्र चालूच होता. खालच्या चौकीची तार आजच जोडली होती. तिने तिथल्या माणसाला फोन लावला.

"काहीही पाठव रे. नुसतं 'नमस्कार' लिही."

"काय खेळ चाललाय?" साहेब ओरडले.

"गप्प बसा, आगाय. पडद्याकडे बघा."

सिग्नल आला. प्रोग्रामने रांगेतला सगळ्यात जुना संदेश वाचला. पडद्यावर 'नमस्कार' नव्हता.

*वरची चौकी. तळ्याचा बांध फुटतोय. गाव हलवा. माझा भाऊ नदीकाठी आहे, त्याला आधी सांगा.*

खाली परवाची तारीख होती. तोकतोबेने आपलेच शब्द वाचले आणि भावाच्या ओळीवर बोट टेकवलं.

मारलेनसाहेबांचा हात मशीन बंद करायच्या बटणाकडे गेला. बुरुलायने तो झटकून टाकला.

"खबरदार! गावातल्या सगळ्यांनी वाचल्याशिवाय हे बंद होणार नाही."