चीक न लागलेली पट्टी

पाटा म्हटल्यावर तुम्हाला वरवंटा आठवला असेल. तो मी नव्हे, मित्रांनो. गाडीच्या मागच्या चाकांवर वाकलेल्या लोखंडी पट्ट्यांची कमान असते ना, त्या कमानीतला मी एक जुना पाटा. भार पाठीवर घ्यायचा आणि चाक खड्ड्यात आदळलं की किंचित लवायचं, एवढंच माझं शिक्षण.

पहिली अकरा वर्षं मी एका ट्रकखाली काढली. ट्रक भंगारात गेला, पण मी धड होतो. म्हणून भाईदास मिस्तरींनी मला आणि माझ्या जोडीदाराला रावेरच्या त्यांच्या गॅरेजात भिंतीला टेकवून ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवायचे, "पोलाद देख, पोलाद!" मला फार बरं वाटायचं. कौतुकाची सवय वाईट, मित्रांनो.

एके दिवशी भूपेंद्र त्याची नवी पिकअप घेऊन आला. सात महिन्यांची गाडी, आईच्या, कुंदाबाईंच्या नावावर घेतलेली. केळीच्या एका पॅकिंगवाल्याने त्याला हंगामभराचं काम दिलं होतं. पण घड जास्त भरले की गाडी मागे बसायची.

"एकेक पाटा वाढवून द्या, भाईदासभाऊ. वॉरंटीचं काही लफडं नाही ना होणार?"

"अरे भाऊ, बठ्ठ्या गाड्यास्ले मीच टाकेल शे. काही व्हत नही!" गावातल्या सगळ्या गाड्यांना त्यांनीच पाटे टाकले होते म्हणे.

वॉरंटीचं पुस्तक गाडीच्या खणात होतं, अजून प्लास्टिकमध्येच. ते कोणी उघडलं नाही. आम्हा दोघांना दोन्ही बाजूंच्या कमानींवर सगळ्यात वर बसवलं. गाडी मागून चार बोटं उचलली गेली आणि भूपेंद्रने तिच्यावर दीडपट घड चढवले. मला ती बढतीच वाटली. मी ताठ राहिलो, जराही लवलो नाही. माझ्या ताठपणाचे सगळे हादरे खाली हाउसिंगला, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या जाड नळीला बसत होते, हे मला कुठे ठाऊक!

पाच महिन्यांनी पाचोऱ्याच्या रस्त्यावर भरल्या गाडीचं हाउसिंग तडकलं. घड उन्हात काळे पडले. वॉरंटी शिल्लक होती. भूपेंद्रने भाईदासना बोलावून आम्हाला काढायला लावलं, गोणपाटात गुंडाळून सीटमागे दडपलं आणि गाडी ओढत जळगावच्या सर्व्हिस सेंटरला नेली. गाडी कुंदाबाईंच्या नावावर, म्हणून त्याही सोबत होत्या.

तिथे मुस्कान नावाची मुलगी वॉरंटीचं काम बघायची. टॉर्च घेऊन ती गाडीखाली वाकली आणि थांबली. केळीचा चीक ओला असतो तोवर पाण्यासारखा. वाळला की काळा, आणि मग तो सुटत नाही. गाडीच्या फळ्यांतून झिरपून त्याने सगळी कमान काळी केली होती. फक्त मी जिथे बसलो होतो, तिथे माझ्या मापाची कोरी पट्टी उरली होती.

"दादा, इथला पाटा काढलाय का?"

"नाही मॅडम. कंपनीतूनच असं आलंय."

"कंपनीत केळीचे घड वाहतात वाटतं," मुस्कान म्हणाली आणि तिने कुंदाबाईंपुढे कागद ठेवला. "मावशी, गाडीत काही बदल केलेला नाही, असं यात लिहिलंय. खरं असेल तर सही करा."

कुंदाबाई पेन धरून बसल्या.

"माय, कर ना सही," भूपेंद्र कानाशी कुजबुजला. "सोमवारी गाडी पॅकिंगवर नसली तर काम जाईन."

कुंदाबाई उठल्या. धापा टाकत त्यांनी सीटमागचं गोणपाट ओढून आणलं आणि त्यातून मला काढून टेबलावर ठेवलं.

"माह्या लुगड्यावरचा चीक वीस वर्सात निंघाला नही, पोरी. हा कसा लपीन?"

मुस्कानने कागद मागे घेतला. "मावशी, इंजिनाची, गिअरबॉक्सची वॉरंटी राहील. त्यांचा याच्याशी संबंध नाही. हाउसिंग मात्र वॉरंटीत बसणार नाही. बसवायच्या आधी विचारलं असतंत, तर मीच नको म्हटलं असतं."

"पण म्या खरं सांगितलं ना?"

"सांगितलंत. तडा गेल्यावर सांगितलंत."

सोमवार आला नि गेला. काम भडगावच्या एका गाडीवाल्याला मिळालं. भूपेंद्र धुळ्याला कुणाचा तरी टँकर चालवायला गेला. निघताना म्हणाला, "एक सही मांगली होती, माय." त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी नवी गाडी आली, तर ते पुस्तक आधी प्लास्टिकमधून बाहेर काढा. कुणी माझ्यासारखं पोलाद कौतुकाने पुढे केलं, तर त्याचे हादरे कुणाला बसणार, हे बसवण्याआधी विचारा. काढल्यावर नव्हे.

नव्या हाउसिंगला पैसे नाहीत, म्हणून पिकअप अंगणात उभी आहे. तिच्या चाकांत गवत उगवलं आहे. लोहाराने तापवून, ठोकून माझा कोयता केला. मला घेऊन कुंदाबाई दुसऱ्यांच्या मळ्यात घड कापायला जातात. रोज चीक उडतो. आता माझ्या अंगावर कुठेच कोरी पट्टी उरलेली नाही.