ताईचे आकडे

ताईचे आकडे तपासून घ्यावेत, हे धाकटीच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. दोघी बहिणी एकाच कंपनीत. ताई तळमजल्यावर, प्लॅस्टिकच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत. धाकटी वर, कॉम्प्युटरपुढे. हिचं नाव साहेबांकडे सुचवलं होतं तेही ताईनंच.

काम होतं प्लॅस्टिकच्या ब्रॅकेटचं. छताखालचे गरम पाण्याचे पाइप त्यांच्यावर तोलले जाणार होते. उष्णतेत सतत भार सोसत राहिलं की प्लॅस्टिक हळूहळू वाकत जातं. इंजिनिअर त्याला क्रीप म्हणतात. ताईनं भट्टीत पट्ट्यांना वजनं टांगून त्या किती लांबतात ते मोजलं आणि आलेख वर पाठवला. धाकटीनं त्यावरून गुणांक काढले, कॉम्प्युटरवरच्या ब्रॅकेटच्या मॉडेलमध्ये भरले. सॉफ्टवेअर म्हणालं, दहा वर्षं काळजी नको.

पहिल्याच वर्षी ब्रॅकेट वाकले आणि पाइप पोट सुटल्यासारखे लोंबायला लागले.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "चुकलं कुठं?"

"चाचण्या चोख आहेत," धाकटीच आधी बोलली. "मी मॉडेल पुन्हा बघते."

ताईनं मान डोलावली. "आमचे आकडे चोखच आहेत. मॉडेलमध्ये काय केलं, ते तिलाच विचारा." हे बोलताना तिनं बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

धाकटीनं मॉडेलमध्ये ब्रॅकेटचे बारीक तुकडे पाडणारी जाळी तपासली, भार तपासला, तापमान तपासलं. सगळं जागच्या जागी. शेवटी नाइलाजानं तिनं ताईचा आलेख उघडला. सुरुवातीची रेघ खऱ्या मोजमापासारखी जराशी वरखाली होत होती. पुढची मात्र काचेसारखी गुळगुळीत. ती मोजलेली नव्हती, ओढलेली होती.

ती खाली गेली. "ताई, भट्टी मध्येच बंद पडली होती ना?"

ताई हातमोजे काढत राहिली. "पडली. वरून घाई होती. पुढची रेघ सगळेच अंदाजानं ओढतात."

"ओढतात, पण तसं सांगतात. तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मॉडेल चालवलंच नसतंस."

"आणि मीटिंगमध्ये?"

"तू हुशार आहेस गं. तुला कुठंही नोकरी मिळेल. माझं तसं नाही."

तिथून धाकटी थेट साहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. आलेख नीट न तपासता वापरला, ही स्वतःची चूकही लपवली नाही. ब्रॅकेट उतरवले गेले. ताईला प्रयोगशाळेतून काढून गोदामात पाठवलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "सख्ख्या बहिणीचं नाव घ्यायची काय गरज होती?"

"आई, तिनं सगळ्यांसमोर माझ्यावर ढकललं, तेव्हा तुला कळलं होतं?"

"बोलली होती ती."

"मग तेव्हा तिला असा फोन केलास?"

"ती मोठी आहे गं," आई म्हणाली.

धाकटीनं फोन ठेवला आणि स्वतःसाठी वाढून झाकलेलं ताट न जेवता तसंच आत नेऊन ठेवलं.