चक्कर : शून्य

गिरिधरराव नोकरीतून निवृत्त झाले होते, वहीतून नाही. उत्तराबाईंच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, तसे त्यांनी तीन रकाने आखले : ताप, गोळ्या, चक्कर. तिसरा रकाना फिजिओथेरपीवाल्या नूपुरच्या सांगण्यावरून. ती म्हणाली होती, "काका, रोज किती चक्कर, ते लिहून ठेवा."

त्या दिवसापासून बायकोला चक्कर येऊ द्यायची नाही, असा त्यांनी विडाच उचलला. त्या उठल्या की हे धावले, "काहून उठून राहिली? मी आहे ना!" पाणी पलंगावर, पेपर पलंगावर. प्रताप नगरच्या बागेत वीस वर्षं झपाझप चाललेल्या बाईंना आता कुशीवर वळायची तेवढी परवानगी होती, तीही विचारून.

"अहो, मला बागेत जायचंय. एकटीनं, माझ्या पायांनी. अशीच पडून राहिले तर आजार जाईल अन् पायही जातील."

"बाग कुठं पळून चालली का?"

"बाग नाही हो, मला पळायचंय!"

तिसऱ्या केमोच्या वेळी नूपुरनं वही उघडली. एकवीस दिवस, एकवीस शून्यं.

"काका, एकही चक्कर नाही?"

"एक पण येऊ दिली नाही!" गिरिधरराव ताठ झाले.

"येऊ दिली? अहो, मी चालायचे चक्कर म्हटलं होतं! बागेतले!"

उत्तराबाई इतक्या हसल्या, की डोक्यावरचा रुमाल घसरला. तो त्यांनी उचललाही नाही.

"काकू, दोनपासून सुरू करा. हळूहळू पाच. दमलात की बसा."

गिरिधररावांनी यातला 'बसा' तेवढा अधोरेखित केला. दुसऱ्या दिवशी बागेत उत्तराबाई पुढे, अन् मागे डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची घेतलेले गिरिधरराव.

"काकाजी, खुर्ची काहून घेऊन फिरून राहिले?" माळी चंपतरावानं विचारलं. "बागेत बाकं हायेत ना गा!"

"बाकं हिच्या मागं येतात का?"

खुर्ची महिनाभर फिरली. उत्तराबाई एकदाही तिच्यावर बसल्या नाहीत. दमल्या की मुद्दाम बाकावर बसत.

पाचव्या चक्कराचा दिवस उजाडला. चौथा संपता संपता मागची धापच ऐकू येईना. उत्तराबाईंनी वळून पाहिलं. गिरिधरराव खुर्चीत, चंपतराव त्यांना पाणी पाजत होता.

"काय झालं हो?"

"चक्कर आली."

"तुम्हाला?"

"मले वाटते, खुर्ची डोक्यावर घेतल्यानं आली असेल," चंपतराव म्हणाला. "आता त्यायच्या बुडाखाली हाये. काही होत नाही, जा तुमी काकू."

उत्तराबाईंनी नवऱ्याचा घाम पदरानं पुसला. रंग परत आलेला पाहिला. "हलायचं नाही. माझा एक राहिलाय."

अन् त्या निघाल्या. एकट्या. मागे कोणी नाही, खुर्ची नाही. वळणावर तर त्या चक्क थोडं धावल्या.

घरी आल्यावर वही त्यांनीच ओढून घेतली. चक्कर : उत्तरा पाच, गिरिधर एक. मग शेऱ्याचा चौथा रकाना आखून लिहिलं : उद्यापासून खुर्ची घरी. नवरा चालेल.