पावलागणिक ठेका

वृंदाने पेटीचा भाता तसाच धरून ठेवला आणि अथर्वला लॅपटॉप थांबवायला सांगितलं. पडद्यावर बेडूक हवेत अडकला होता.

"परत घे. तो दगडावर टेकतो ना, तिथेच सम आहे."

अथर्वने मागे घेतलं आणि तबल्यावर हात ठेवले. बेडूक उतरला, नेमकी तिथेच थाप पडली, आणि दोघं हसली. नव्वद वर्षांपूर्वीचं हे संगीतमय कार्टून रविवारी स्वोर्ड्स गावच्या हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाच्या मुलांना दाखवायचं होतं, मूळ आवाज बंद करून, समोर बसून वाजवत. त्या काळी अनेकदा आधी सुरावट बांधत आणि मग ठेक्याच्या मापाने एकेक चित्र हाताने काढत, हे वाचल्यापासून वृंदा वेडावली होती. एका उडीसाठी कुणीतरी मान मोडून बसलं असेल, आणि ठोका कुठे चुकलेला नाही. हात जोडावेत असं काम होतं ते.

पण मध्यावर झोपडीतून काळी माणसं नाचत बाहेर यायची. भाकरीएवढे ओठ, बटबटीत डोळे, हातात हाडं. ज्यांच्या नाचगाण्यातून ही चाल उचलली होती, त्यांचीच ही टवाळी. आणि चाल सगळ्यात गोड होती ती तिथेच. रविवारी पुढच्या रांगेत अडाओरा बसणार होती. ती मूळची आफ्रिकेतल्या लागोसची, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची, ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात नर्स होती. तिची लेक आणि वृंदाची रेवा एकाच वर्गात. पाहुण्यांना मंडळ नेहमी पुढेच बसवायचं.

"कापून टाकू ना, ताई. पोरांना कळणारपण नाही. एकदम ग्रँड होईल."

"कापलं की चाल लंगडी पडते."

"मग?"

"पडू दे. तिला काय तोंड दाखवू मी? पण आधी सांगते तिला. लपवून बोलावणं बरं नाही."

अडाओरा संध्याकाळी चहाला आली. बेडकाच्या उड्या बघताना ती पुढे सरकून बसली. झोपडीचं दार उघडलं तेव्हा खुर्चीखाली तिचं पाऊल ठेका धरत होतं. मग ते थांबलं.

"हा भाग रविवारी नसेल," वृंदा घाईने इंग्रजीत म्हणाली. "सॉरी."

"थँक्स. पुढे चालू दे."

पुढे आला एक फकीर. डोक्याच्या दुप्पट पगडी, पोपटासारखं नाक, काडीसारखे पाय. तो खिळ्यांवर नाचत पुंगी वाजवायचा आणि साप त्याचीच गाठ मारायचा. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा अथर्व ओरडला होता, "ताई, आपला माणूस!" मंडळाच्या ग्रुपवर त्याचं चित्र टाकलं तर लाल बदामांचा पाऊस पडला. परक्या पडद्यावर आपलं कुणी दिसलं की मंडळी हरखून जायची. वृंदाने तर पेटीवर पुंगी हुबेहूब बसवली होती. आताही तिने ती झोकात वाजवली आणि हसू येण्याची वाट पाहिली.

अडाओरा हसली नाही.

"आणि हा? हा राहणार?"

"तो गमतीचा आहे," वृंदा म्हणाली. "आमचाच आहे तो."

अडाओराने कप खाली ठेवला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"माझी आजी लागोसला असल्या फिल्म बघायला जायची. ते नाचणारे आले की टाळ्या वाजवायची. म्हणायची, बघा, आपण सिनेमात आलो."

अथर्व मान खाली घालून तबल्याची वादी ओढत बसला. वृंदाने फकीर पुन्हा सुरुवातीपासून लावला. या वेळी तिने वाजवलं नाही. तो मुकाट नाचत राहिला. प्रत्येक पाऊल ठेक्यात होतं, बोटांची नखंसुद्धा कुणी विसरलं नव्हतं. तिला रडू येईलसं वाटलं.

"किती मन लावून काढलंय गं," ती म्हणाली, मराठीतच.

अडाओराला मराठी येत नव्हती. तरी तिने मान हलवली.